चिक चॉकलेट आपला कोण?

गोमंतकाच्या संगीत परंपरेवर मराठीत लेख आला, की त्यातली नावे वाचण्याआधीच मला पाठ असतात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर, मास्टर दीनानाथ, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर आणि मग पंडित जितेंद्र अभिषेकी. दिवाळी अंक असो नाहीतर संमेलनाची स्मरणिका, यादी तीच. यादी खरी आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण याच भूमीतून, त्याच दशकांत, त्याच मुंबईला आणखी एक मोठा तांडा गेला होता. त्यांच्या हातांत तंबोरा नव्हता. ट्रंपेट, व्हायोलिन, सॅक्सोफोन होते. हळदोणे, मजोर्डा, कुडचडे, नेवरा अशा गावांतली ही माणसे. त्यांची नावे आपल्या लेखांत येत नाहीत. आलीच तर 'ख्रिस्ती बांधवांचेही योगदान आहे' अशा एका ओळीत, आभारप्रदर्शनासारखी.

त्यांतला एक अंतोनियो झेवियर वाझ. गाव हळदोणे, जन्म १९१६. मुंबईत त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणून ओळखत. ट्रंपेट वाजवी, घोगऱ्या आवाजात गाई आणि हातात घाम पुसायला रुमाल बाळगी, कारण लुई आर्मस्ट्राँग बाळगत असे. लोक त्याला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. ही पदवी ऐकली की आपल्याकडचे शहाणे लोक मनातल्या मनात हसतात. म्हणजे नकलाकार! मला मात्र या हसण्याचे नेहमी कोडे वाटत आले आहे. केसरबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांची गायकी गळ्यात उतरवली तेव्हा त्यांना कोणी नकलाकार म्हटले नाही. ती तालीम. हळदोण्याच्या पोराने न्यू ऑर्लिन्सच्या उस्तादाचा श्वास आपल्या फुंकरीत आणला, की मग तेवढी नक्कल?

हा प्रश्न नुसता चिकच्या बाजूने भांडण्याचा नाही. गाणे शिकतात कसे, ऐकणे म्हणजे काय, याचाच तो प्रश्न आहे.

थोडे मागे जाऊ. पोर्तुगीज आमदानीत चर्चला जोडलेल्या गावच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य संगीताची अक्षरओळख होई. 'मेस्त' पोरांकडून सोल्फेज घोटून घेई, व्हायोलिन हातात देई. हेतू साधा होता, मिस्साला आणि फेस्ताला गाणारे-वाजवणारे तयार व्हावेत. पण त्यातून झाले असे, की खेड्यातला मुलगा वर्तमानपत्र वाचावे तसे स्वरलेखन वाचू लागला. ब्रिटिश हिंदुस्थानात या विद्येला गिऱ्हाईक होते. मूकपटांच्या थिएटरात, जिमखान्यात, संस्थानिकांच्या बँडमध्ये, छावणीत, आगगाडीच्या गावांतल्या क्लबात, जिथे जिथे साहेबाला नाचायचे असे तिथे तिथे गोंयकार वाजवायला असे. दुसऱ्या बाजूला देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांतल्या मुली गाणे घेऊन मुंबईला जात होत्या. दोघांनाही गावात कला होती पण मान नव्हता. दोघेही दुसऱ्याच्या दिवाणखान्यात मनोरंजनासाठी उभे राहत. धोबीतलावची कूड आणि गिरगावची चाळ यांत पायी कितीसे अंतर! पण आठवणींत आपण त्यांच्यामध्ये अख्खा समुद्र घातला.

१९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आले. क्रिकेट स्मिथ जुना माणूस, पहिल्या महायुद्धाच्या आधी न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात वाजवलेला. वेदरफोर्ड शिकागोत नाव कमावून शांघायमार्गे इकडे आलेला. तो पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारला. मायदेशी ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, त्यांना मुंबईच्या सर्वांत झगमगत्या दालनात मानाचा मंच मिळाला, ही त्या काळाची एक विलक्षण गंमत.

या मंडळींच्या सहवासात आपले गोंयकार आले आणि त्यांची पंचाईत झाली. कागदावरचे सगळे त्यांना वाजवता येत होते; पण जॅझमध्ये जे खरे असते ते कागदावर नसते. मेस्तने शिकवलेली अचूकता इथे आडवी येई. टिपण बरोबर, सूर बरोबर, तरी वाजवणे निर्जीव. कुडचड्याचे ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड म्हातारपणी या दिवसांबद्दल बोलत. आम्हाला अमेरिकन कृष्णवर्णीयांसारखे वाजवता येणे हीच तेव्हा सगळ्यांत मोठी शाबासकी वाटे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. (नरेश फर्नांडिस यांनी या वादकांच्या आठवणी जमवून २०१२ साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे इंग्रजी पुस्तक केले. मराठीत तसे काही अजून माझ्या वाचनात नाही.)

आता कागदावर नसते ते काय, हे गाणे ऐकणाऱ्या मराठी माणसाला समजावणे फार सोपे आहे. जॅझमध्ये बारा किंवा बत्तीस मोजपट्ट्यांचे एक आवर्तन असते. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, म्हणजे आपला मुखडा. मग एकेकजण उठतो आणि त्या आवर्तनावर स्वतःची उपज करतो. आवर्तन संपेल तिथे त्याने नेमके पोचायचे, हुकला तर पंचाईत. समेची जी गोडी आपल्याला असते, तीच ही. गांधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधल्या कुठल्या तरी ठिकाणी दुखऱ्या नसेसारखा लावायचा, ही त्यांची खासियत. श्रुती म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल नाही. सूर ठोक्यावर बसवायचा नाही, ठोक्याच्या किंचित मागे रेलवायचा. आर्मस्ट्राँगने १९२६ साली एका तबकडीत शब्द सोडून नुसती निरर्थक अक्षरे गायली. आपल्याकडे तराणा त्याआधी कित्येक शतके होता. फरक आहे तो एका मोठ्या गोष्टीत. आपला गवई एका अंगणात हिंडतो, राग त्याच्या पायाखालून हलत नाही. जॅझवाल्याच्या पायाखालची स्वरसंगती दर एक-दोन मोजपट्ट्यांनी बदलते, म्हणजे तो चालत्या आगगाडीत उभा राहून गातो म्हणा ना.

हे शिकवणारा गुरू समोर बसलेला नसेल तर शिकायचे कसे? ऐकून. तबकडी तीन मिनिटांची. ती लावायची, सुई उचलायची, पुन्हा तिथेच ठेवायची. १९५५ पासून व्हॉईस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोवरचा जॅझचा कार्यक्रम लागू लागला, तो लघुलहरींवर खरखरीतून कान देऊन ऐकायचा. तबकडीत आणि गुरूत एक फरक मात्र राहतोच. गुरू 'असे नाही' म्हणतो. तबकडी काही म्हणत नाही. आपले आपणच 'असे नाही' म्हणत राहायचे. ही तालीम कमी खडतर आहे असे कोणी म्हणू नये.

तिचा अर्थ मला लागला तो मात्र कुठल्या पुस्तकात नव्हे, उचगावात. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की पश्चिमेला हे गाव, मळेकरणी देवीचे. माझी सासुरवाडी तिथली. २००६-०७ च्या सुमारास मेव्हण्याच्या लग्नाच्या वरातीत गावाकडचा पितळी बँड होता. ट्रंपेटवाला साठीच्या आसपासचा, गणवेशाच्या सोनेरी दोऱ्या उसवलेल्या. त्याने 'अलबेला'मधले 'शोला जो भडके' काढले. पहिले कडवे सरळ वाजवले आणि दुसऱ्याला तो चाल सोडून निघाला. ढोलवाला वळून बघू लागला. हा आपला दोन-तीन वळणे घेऊन, वर एक लांब सूर धरून, बरोबर मुखड्यावर येऊन पडला. नाचणाऱ्या पोरांना काही कळले नाही. वरात थांबली तेव्हा मी त्याला गाठले आणि विचारले, "मामा, हे मधले कुणाकडे शिकलात?"

"शिकवायला कोण बसलंय ओ पावणं?" तो म्हणाला. "क्यासेट लावायची, ऐकायची आणि वाजवायची की. त्यात एक मागं वाजवतोय बघा, गाण्याच्या मागं. त्याचं नाव काय की, पण लई गोड वाजवतोय."

तो मागे वाजवणारा चिक चॉकलेट. 'अलबेला' १९५१ चा. दिग्दर्शक आणि नायक आपले भगवानदादा, संगीत सी. रामचंद्र यांचे, आणि त्यांचा सहाय्यक होता चिक. त्या चित्रपटात चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या आर्मस्ट्राँगला तबकडीतून ऐकणारा हळदोण्याचा चिक, आणि चिकला कॅसेटमधून ऐकणारा सीमाभागातला हा मामा. शागिर्दी पुढे सरकत राहिली, उस्तादाचे नाव तेवढे वाटेत गळून पडले.

पितळी वाद्यांची वाटही मोठी मजेदार आहे. आपल्या देशातले लग्नाचे बँड हे गोऱ्या पलटणींच्या बँडची नक्कल करत उभे राहिले. बेळगाव तर छावणीचे गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे. कवायतीचा बँड ऐकत तिथल्या पिढ्या वाढल्या. तिकडे न्यू ऑर्लिन्सलाही लष्करी धर्तीच्या बँडांतूनच रस्त्यावरचे बँड निघाले. अंत्ययात्रेला जाताना संथ धून, परतताना नाचायला लावणारी. आर्मस्ट्राँगच्या हाती कॉर्नेट नीट पडला तो पोरवयात त्याला सुधारगृहात टाकले तेव्हा, तिथल्या बँडमध्ये. कोणाकडे पलटण, कोणाकडे चर्च, कोणाकडे सुधारगृह. वाद्य वरच्यांनी दिले ते शिस्तीसाठी. खालच्यांनी त्यातून दुसरेच काही काढले.

उचगावचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सीमाभागात खेडोपाडी जी मराठी साहित्य संमेलने भरतात, त्यांत उचगावचेही एक. 'तुम्ही कुठले, आमचे की त्यांचे?' या प्रश्नाची बोच तिथल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळते. भाषेवरून आणि नकाशावरून माणसाला यादीबाहेर ठेवले तर कसे वाटते, यावर तिथे दरवर्षी कोणी ना कोणी पोटतिडकीने बोलतो आणि आपण गोव्याहून जाऊन टाळ्या वाजवतो. मग परत येऊन आपली यादी काढतो, केसरबाईंपासून अभिषेकींपर्यंत.

असो. चित्रपटांकडे वळू, कारण या वादकांचे पोट पुढे त्यावरच चालले. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, त्याच्यामागे नाचगाण्याचे अर्धे गिऱ्हाईक गेले. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांची रया गेली. मिकी कोरियांसारखे काहीजण ताजमध्ये टिकून राहिले (१९३९ पासून तब्बल दोन दशके त्यांचा बँड तिथे होता), पण बहुतेकांनी स्टुडिओची वाट धरली. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकाराला चाल सुचे, तो ती पेटीवर गाऊन दाखवी; पण तीस-चाळीस वादकांनी काय वाजवायचे हे कोणीतरी कागदावर उतरवायला हवे. ते काम गोंयकाराचे. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात वाजवणारे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे आले आणि गाण्याच्या मागून व्हायोलिनांची जी दुसरी चाल वाहत असते, जी आपण नकळत गुणगुणतो, ती त्यांच्या हातची. त्याच खोलीत तालाची बाजू सांभाळायला दत्ताराम वाडकर, तेही आपल्या गोव्याचेच. एकाचा कागद, दुसऱ्याचा ठेका. पन्नाशीच्या दशकातले ते गाणे ऐकताना हिंदू गोवा आणि ख्रिस्ती गोवा असे वेगळे काढून दाखवा बघू!

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर यापुढची उडी घेतली. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. रागदारीचा त्यांना ध्यास लागला. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे ते अमेरिकेला गेले. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला आणि प्यारेलालनी गुरूचे नाव देशभर पोरासोरांच्या तोंडी घातले. गंमत अशी की ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे गोव्यातही पुष्कळांना पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. ते २०१२ मध्ये वारले.

फ्रँक फर्नांड यांची कथा मला यांत सर्वांत जवळची वाटते. कृष्णवर्णीय वादकांसारखे वाजवायचे हा ज्याचा ध्यास, त्या माणसाला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मसुरीत गांधीजी भेटले, आणि आपण आपल्या मातीचे काय वाजवतो, हा प्रश्न मनात शिरला. तिथून त्यांनी जॅझला हिंदुस्थानी वळण द्यायचे प्रयत्न केले. ते फार दूर गेले नाहीत, हेही खरे. पण गोवा मुक्त झाल्यावर त्यांनी पदरमोड करून कोंकणी चित्रपट काढले, १९६३ ला 'आमचें नशीब' आणि १९६६ ला 'निर्मोण'. त्यांतले संगीत ऐका, ट्रंपेट आणि मांडो एका ताटात जेवताना दिसतील. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्याविषयी मी वेगळे सांगायला नको, ती गाणी आपल्या घरांत वाजतातच. फक्त त्यांतला ट्रंपेट हॉटेलांतल्या जॅझमध्ये घासून आलेला आहे, हे आठवणीत असू द्यावे.

दूरच्या उस्तादांना तबकडीत ऐकणाऱ्यांच्या गावी मग ते उस्ताद स्वतःच येऊ लागले. शीतयुद्धाचे दिवस, अमेरिकेने आपली प्रतिमा उजळायला जॅझवाले देशोदेशी पाठवले. १९५८ ला डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. १९६३ ला ड्यूक एलिंग्टन, १९६४ ला खुद्द आर्मस्ट्राँग. यांतल्या एलिंग्टनच्या फेरीतली एक गोष्ट मला फार आवडते. त्याचा जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न याला दिल्लीत एक साळुंकी सतत एकच सूर लावताना ऐकू येई. परत गेल्यावर त्यांनी 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामाला केली, तिच्यातल्या एका तुकड्यात क्लॅरिनेटवर ती दिल्लीची साळुंकी आहे. मोठा वादक परदेशी गेला की नुसते ऐकवून येत नाही, ऐकूनही येतो. जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली, पुढे मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले. सॅक्सोफोनचा बादशहा सनी रॉलिन्स साठीच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेला; वाजवायला नव्हे, गप्प बसायला. तोच १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त वाजवायला आला. ही यात्रा निरंजन झवेरी यांनी भरवली होती.

त्या यात्रेच्या मंचावर नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस होते, सॅक्सोफोन घेऊन. चिकच्या पिढीने आर्मस्ट्राँगला गळ्यात उतरवले. ब्राझ यांच्या पिढीने कोल्ट्रेन ऐकला आणि कोल्ट्रेनला आपल्या रागांत काय सापडले ते शोधत उलटे घरी आले. ब्राझ यांनी राग सॅक्सोफोनवर घेतले, ते मसाला म्हणून नव्हेत, उपजेची जमीन म्हणून. त्यांच्या पत्नी इव्हॉन या गायिका, आणि त्या चिक चॉकलेटच्या कन्या. घराणे म्हणतात ते आणखी वेगळे काय असते?

चिक स्वतः हे पाहायला नव्हता. १९६६ च्या 'आखरी खत'मध्ये खय्याम यांचे एक गाणे आहे, हॉटेलातले, भूपिंदर गातो आणि शेजारी चिक ट्रंपेट वाजवताना दिसतो. अंगाने थोडा सुटलेला, डोळे मिटलेले. पुढच्याच वर्षी, १९६७ ला, तो गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

आता यादीपुरती एक शेवटची नोंद. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे आपण गोमंतकीय अभिमानाने सांगतो, आणि याने सुटली त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या हेही सांगतो. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगही आहे, १९२७ चे त्याचे 'मेलंकली ब्लूज'. आणि केसरबाईंचा शेवटचा सूर विरला की लगेच पुढे येतो ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सासचा एक आंधळा कृष्णवर्णीय गायक. गिटारवर काचेने वा सुरीने घासून काढावेत तसे सूर आणि त्यावर त्याचे गाणे. त्या गाण्यात शब्द नाहीत. तीन-सव्वातीन मिनिटे तो नुसता गुणगुणतो. ही दोन ध्वनिमुद्रणे आता सहज मिळतात. एका रात्री दिवा मालवून एकामागून एक लावून बघा, आणि तिसरे म्हणून 'आखरी खत'मधले ते ट्रंपेट लावा.